आजीवन विमानपास कंपनीला रद्द करता येतो का?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला: अमेरिकन एअरलाइन्सने अडीच लाख डॉलर घेऊन 'जन्मभर, कितीही वेळा, फर्स्ट क्लासने' असा पास विकला आणि वीसएक वर्षांनी दोघांचा तो काढून घेतला, तर यात फसवलं कोणी कोणाला? दुसरा: आपल्याकडे एखाद्या प्रवासी कंपनीने 'आजीवन सदस्यत्व' देऊ केलं तर ते घ्यावं का, आणि उद्या त्यांनी हात वर केले तर दाद कुठे मागायची?

माझी सगळी नोकरी मुंबईत, विमान कंपन्यांच्या आरक्षण आणि रेव्हेन्यू खात्यांत गेली. कोणती खुर्ची कोणाला, केव्हा आणि किती भावाने द्यायची, हे ठरवणारं ते खातं. पहिल्या भागावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण खरी गोम तिथेच आहे आणि दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

आधी थोडक्यात. करारात तसं कलम असेल तर पास रद्द करता येतो, पण 'तुम्ही फार वापरलात' एवढ्या कारणावर नाही. अमेरिकनलाही तसं म्हणता आलं नाही. कारण दुसरं शोधावं लागलं, आणि ते सापडलं सोबत्याच्या खुर्चीवर लावलेल्या नावात.

हा पास आला १९८१ मध्ये, 'एअरपास' नावाने. त्या वेळी ती कंपनी कोणत्या स्थितीत होती ते पाहिल्याशिवाय हा सौदा कळत नाही. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेत विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं होतं. कोणीही कुठेही विमान उडवावं आणि हवं ते भाडं लावावं, अशी स्पर्धा सुरू झाली होती. १९८० साल कंपनीला मोठ्या तोट्यात गेलं. आणि व्याजाचे दर असे होते की बँका चांगल्या कर्जदारालाही वीस टक्क्यांच्या आसपास सांगत. अशा वेळी हातात येणाऱ्या अडीच लाख डॉलरची किंमत काय, ते पाहा. तेवढंच कर्ज वीस टक्क्यांनी काढलं असतं तर वर्षाला पन्नास हजार डॉलर नुसतं व्याज भरावं लागलं असतं. त्याऐवजी एखाद्या श्रीमंत माणसाला एरवीही रिकाम्या जाणाऱ्या खुर्चीवर बसवायचं. कागदावर सौदा चोख होता. १९८१ च्या चष्म्यातून पाहिलं तर तो मूर्खपणा नव्हता, असंच मी म्हणेन.

कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट क्रँडल यांनी पुढे सांगितलं की मोठ्या कंपन्या आपल्या वरच्या अधिकाऱ्यांसाठी हे पास घेतील असा अंदाज होता, पण लोक आमच्यापेक्षा हुशार निघाले. अमर्याद वापराचे पास घेतले फक्त ६६ जणांनी. त्यांत बेसबॉलपटू विली मेज होते, संगणकवाले मायकेल डेल होते. आणखी दीड लाख भरले की सोबत एक माणूस नेता येई. पासधारकाला प्रत्येक उड्डाणावर मैलांचे गुणही मिळत, म्हणजे फुकटच्या प्रवासावर पुन्हा फुकटचा प्रवास! पुढे भाव चढत गेला. १९९० मध्ये सोबत्यासह सहा लाख, १९९३ मध्ये दहा लाखांच्या वर, आणि १९९४ मध्ये विक्री बंद. २००४ मध्ये नीमन मार्कसच्या नाताळ कॅटलॉगमधून तीस लाख डॉलरला पुन्हा मांडला, तर एकही गेला नाही.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. भाजीवाल्याला उरलेली मेथी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी काढता येते. विमानाचं दार लागलं की रिकामी खुर्ची संपली, तिला आम्ही 'स्पॉइलेज' म्हणतो. १९८१ मध्ये कोणती खुर्ची रिकामी जाणार हे आधी नीट सांगता येत नसे. म्हणून तिची किंमत जवळपास शून्य धरली जाई आणि पासधारकाला बसवण्याचा खर्च म्हणजे जेवण आणि थोडं इंधन. पण याच अमेरिकनने १९८५ च्या सुरुवातीला पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्यांशी लढताना एक नवी पद्धत आणली. 'सेबर' ही तिची स्वतःची आरक्षण यंत्रणा होती, आयबीएमच्या मदतीने साठच्या दशकात उभी केलेली. तिच्या आकडेवारीवरून प्रत्येक विमानाच्या खुर्च्या भावांच्या कप्प्यांत वाटायच्या, लवकर येणाऱ्याला थोड्या स्वस्त द्यायच्या आणि शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्या धंदेवाईक प्रवाशासाठी काही खुर्च्या महाग भावाने राखून ठेवायच्या. यालाच पुढे 'यील्ड मॅनेजमेंट' म्हणू लागले. आज जगभरच्या कंपन्या याच रीतीने चालतात.

पासवर याचा परिणाम काय झाला? पासधारक सहसा शेवटच्या क्षणी आणि फर्स्ट क्लासमध्ये बसतो, म्हणजे नेमकी तीच खुर्ची जी आता विमानातली सर्वांत महाग होती. पासमधला शब्दही बदलला नव्हता, पासधारकही तेच होते. खुर्चीचा हिशेब मात्र पूर्ण फिरला होता. आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. हे सगळं कळल्यानंतरही कंपनी आणखी नऊ वर्षं पास विकत राहिली. ज्यांच्यावरून पुढे कोर्टकचेरी झाली त्या दोघांनी पास घेतले १९८७ आणि १९८९ मध्ये. विक्री खात्याला त्या तिमाहीची रोकड दिसत होती आणि रेव्हेन्यू खात्याला पुढच्या तीस वर्षांचं ओझं. दोन खाती एकमेकांशी बोलत नसली की असंच होतं. हे मी किती तरी ठिकाणी पाहिलं आहे.

ते दोघे म्हणजे शिकागोचे इन्व्हेस्टमेंट बँकर स्टीव्हन रोथस्टीन आणि टेक्ससचे जॅक व्रूम. रोथस्टीन यांनी वीसेक वर्षांत दहा हजारांवर उड्डाणं केली. व्रूम यांचे मैलही कोटींत मोजावे लागले. २००७ मध्ये कंपनीच्या 'रेव्हेन्यू इंटेग्रिटी' विभागाने अमर्याद पासांची छाननी सुरू केली. हा विभाग आमच्याकडेही असतो. खोटी आरक्षणं, एकाच माणसाची दोनदा केलेली बुकिंगं, पैसे न भरता अडवून ठेवलेल्या जागा हुडकून काढणं हे त्याचं रोजचं काम. छाननीत हिशेब निघाला की या दोघांपैकी प्रत्येकापायी कंपनीला वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त खर्च येतो.

या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. असा आकडा काढायची सोपी रीत म्हणजे जेवढी उड्डाणं झाली तेवढ्या वेळा फर्स्ट क्लासचं छापील भाडं लावायचं. पण खरं नुकसान तेव्हाच, जेव्हा त्या खुर्चीसाठी पैसे देणारा दुसरा गिऱ्हाईक उभा होता आणि तो परत गेला. मंगळवारी दुपारच्या अर्ध्या रिकाम्या विमानात पासधारक बसला तर गेलं काय? खात्यावर दडपण असलं की 'किती बुडालं' याचं उत्तर नेहमी मोठं येतं.

रद्द झालेल्या आरक्षणांचा आकडा मात्र मला गंभीर वाटतो. चार वर्षांहून कमी काळात रोथस्टीन यांच्या नावावर ३,००९ आरक्षणं होती, बहुतेक वेळा दोन-दोन खुर्च्यांची, आणि त्यांतली २,५२३ रद्द झाली. प्रवास करणारा माणूस कंपनीला एका खुर्चीच्या किमतीला पडतो. सहापैकी पाच आरक्षणं मोडणाऱ्या माणसाचा तोटा कंपनीला सहज दिसत नाही. महिनाभर आधी फर्स्ट क्लासच्या दोन खुर्च्या अडवल्या की यंत्रणा समजते की विमान भरत आलं. ती उरलेल्या खुर्च्यांचा भाव चढवते, कोणाला तरी नाही म्हणते, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या दोन खुर्च्या परत पदरात पडतात. त्या एका दिवसात विकायच्या कोणाला? पास 'कितीही प्रवास करा' असा होता, 'कितीही जागा अडवा' असा नव्हता, ही कंपनीची बाजू मला पटते. पण ती पटत असतानाच दुसरंही सांगायला हवं. आरक्षण रद्द करायला दंड नाही, किती आरक्षणं एका वेळी ठेवायची याला मर्यादा नाही, असा करार कंपनीनेच लिहिला होता. ही आरक्षणं कंपनीचे एजंटच फोनवर करून देत होते. वर्षानुवर्षं कोणी हरकत घेतली नाही. रेव्हेन्यू खात्यात पहिला धडा हाच असतो की गैरवापर दिसला की लगेच लेखी कळवा, मुदत द्या आणि मग कारवाई करा.

आता त्या नावाकडे येतो. रोथस्टीन सोबत्याची खुर्ची कधी कधी कोणासाठी ते न ठरवताच घेत. शेजारची जागा मोकळी मिळावी, जास्तीचं सामान ठेवता यावं, किंवा ऐन वेळी कोणाला सोबत नेता यावं म्हणून. यंत्रणेत नावाशिवाय आरक्षण होत नाही, म्हणून 'बॅग रोथस्टीन' असलं काही तरी नाव लागे. बाहेरच्या माणसाला हे सरळ लबाडीचं वाटेल. आमच्या धंद्यात मात्र माणसाविना घेतलेल्या खुर्चीची रीतसर सोय आहे. सतारीसाठी किंवा चेलोसाठी शेजारची खुर्ची विकत घ्यायची असेल तर प्रवाशाच्या आडनावापुढे 'सीबीबीजी' असा कोड टाकतात, म्हणजे केबिनमधलं सामान. नुसती जास्तीची जागा हवी असेल तर 'ईएक्सएसटी'. दोन्ही कोड जगभर चालतात. शिवाय नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानात बसताना ओळखपत्र तपासण्याची सक्ती नव्हती. तिकिटावरचं नाव ही तेव्हा कारकुनी बाब होती. सप्टेंबर २००१ नंतर तेच नाव सुरक्षेची बाब झालं. जुन्या सवयीचं माप नव्या काळाच्या फुटपट्टीने घेतलं गेलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण कोर्ट रीतभात पाहत नाही, कागद पाहतं. करारात कलम होतं की पासचा वापर फसवणुकीने झाला असं कंपनीने ठरवलं, तर ती पास रद्द करू शकते आणि पैसे परत मिळणार नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर रोथस्टीन यांच्या हातात त्याच अर्थाचं पत्र पडलं. व्रूम यांना त्याच वर्षी लंडनच्या हीथ्रोवर थांबवलं होतं. रोथस्टीन कोर्टात गेले. २०११ मध्ये इलिनॉयच्या फेडरल न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तो काल्पनिक नावांनी केलेल्या आरक्षणांच्या मुद्द्यावर. किती उडाले, किती खर्च आला, यावर नाही. त्यांनी अपील केलं, पण नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकनने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं आणि तशा कंपनीवरचे दावे जागीच थांबतात. पुढे प्रकरण आपसात मिटलं.

व्रूम यांचं प्रकरण वेगळं आणि मला विचाराल तर जास्त शिकण्यासारखं. सोबत्याची खुर्ची पैसे घेऊन दिली, असा कंपनीचा आरोप होता. त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं की १९८९ मध्ये सही झाली तेव्हा ती खुर्ची विकू नये असं कलमच नव्हतं, ते तीन वर्षांनी नव्या करारांत आलं. नंतर सुचलेली अट जुन्या करारावर लादता येते का, हा इथला प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: येऊ नये. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे आधीच मोजलेले असतात. त्याच्याकडे रोखून धरण्यासारखं काही उरत नाही, आणि म्हणूनच अशा करारात शब्दाला जागण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर जास्त येते.

युनायटेड या अमेरिकेतल्याच दुसऱ्या विमान कंपनीचीही एक कहाणी आहे. न्यू जर्सीच्या टॉम स्टुकर यांनी १९९० मध्ये २,९०,००० डॉलरला तिचा आजीवन पास घेतला आणि दोन कोटींहून जास्त मैल उडाले. तिथे कंपनीने भांडण केलं नाही. उलट त्यांच्या मैलांचे समारंभ केले. तोच सौदा, तसाच वापर आणि शेवट निराळा. मैल फार झाले की भांडण अटळच, हे म्हणणं यापुढे टिकत नाही.

दुधाने तोंड पोळल्यावर कंपन्या ताकही फुंकून पिऊ लागल्या. जेटब्लूने २००९ मध्ये ५९९ डॉलरला पास काढला तो एकाच महिन्याचा. फ्रंटियरच्या 'गोवाइल्ड' पासवर देशांतर्गत तिकीट एरवी प्रवासाच्या आदल्या दिवशी काढता येतं. विझ एअरच्या २०२४ च्या पासवर आरक्षणाची खिडकी प्रवासाच्या फक्त ७२ तास आधी उघडे आणि दर उड्डाणाला सुमारे दहा युरो भरावे लागत. यातली प्रत्येक अट म्हणजे वरच्या भांडणातलं एकेक छिद्र बुजवणं आहे. खुर्ची विकली जाणार नाही याची खात्री झाली की मगच ती पासवाल्याला द्यायची. त्यामुळे तक्रारीही बदलल्या. आता लोक म्हणतात, पास आहे पण जागाच मिळत नाही.

आता दुसरा भाग. 'आजीवन' शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारा: जीवन कोणाचं? तुमचं, कंपनीचं, की त्या योजनेचं? आपण हे एकदा पाहिलं आहे. २००५-०६ मध्ये ९९९ रुपयांत 'लाइफटाइम प्रीपेड' आलं. घरोघरी आजी-आजोबांच्या मोबाइलला तेच कार्ड असे. मार्च २००६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम घालून दिला, त्यातून एक गोष्ट साफ झाली: हे आयुष्य ग्राहकाचं नव्हे, कंपनीच्या परवान्याचं, आणि परवाना कधी संपतो ते कंपनीने ग्राहकाला सांगायला हवं. २०१८ च्या शेवटी दर महिन्याला किमान रिचार्ज आला आणि तीच कार्डं बंद पडू लागली.

आणि कंपनीच गेली तर कोणताही करार वाचवत नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून टाकायचा आदेश दिला. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. तिकिटाचे पैसे अडकलेले प्रवासी अशा वेळी बँकांच्या मागे, रांगेच्या शेपटाला असतात. वीस वर्षांचे पैसे आज घेणारी कंपनी ही तुमच्याकडून विनातारण कर्ज घेत आहे असं समजा, आणि कर्ज देताना समोरच्याची पत जशी पाहाल तशी पाहा.

कागद हातात आला की रद्द करण्याचं कलम सगळ्यात आधी वाचा. 'कंपनीच्या मते' गैरवापर झाला असे शब्द असतील तर गैरवापर म्हणजे काय याची व्याख्या मागा. आधी नोटीस देऊन सुधारायला मुदत देणार का, आणि रद्द केल्यास उरलेल्या काळाचे पैसे परत करणार का, हेही लेखी घ्या. आरक्षण रद्द करण्याचा नियम, सोबत्याचं नाव केव्हापर्यंत द्यायचं आणि ते बदलता येतं का, हे कोणी विचारत नाही, पण मोडतं बहुधा तिथेच. फोनवरच्या माणसाने 'चालतं, काही हरकत नाही' म्हटलं तर त्याच दिवशी ईमेल पाठवून ते नोंदवून ठेवा. त्या एका ईमेलवर पुढे दावा उभा राहू शकतो.

दाद मागायची तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्याच्या कलम २(४६) मध्ये 'अनुचित करारा'ची व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणारी अट त्यात बसते. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे तर राज्य आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी मुंबईला जाते, आणि मोजलेली रक्कम दहा कोटींच्या वर असेल तर दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे. सेवेत नुसती कसूर असेल आणि रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, बऱ्याच कंपन्या तिथेच नमतात. पास धंद्यासाठी घेतला असेल तर मात्र 'तुम्ही ग्राहकच नाही' असा बचाव पुढे येतो, म्हणून सदस्यत्व फर्मच्या नावावर न घेता स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून पैसे भरून घ्या. आणि मुदत दोन वर्षांची आहे. ती तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे कंपनी 'बघतो, कळवतो' म्हणत राहिली म्हणून थांबून राहू नका.